दोन पातेल्यांची खळ

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. शाळेच्या मागच्या खोलीत मुखवटे शिकवणारे मास्तर दुसऱ्या पातेल्याखालची शेगडी पेटवत होते. पहिलं पातेलं अॅल्युमिनियमचं. ते उतरवून त्यांनी खिडकीत निवायला ठेवलं होतं. त्यातली मैद्याची खळ मुलांची. दुसरं पांढऱ्या इनॅमलचं, काठाचे टवके उडालेलं. त्यातली खळ मास्तरांच्या स्वतःच्या कामाची. दाराला आतून कडी होती.

खळ गुठळ्या न होता शिजायला वीस-बावीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ हात थांबवता येत नाही. मास्तरांनी लाकडी दांड्याने ढवळत ढवळत खळ दाट केली, शेगडी बंद केली, मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून, जुन्या मातीच्या साच्यांच्या मागून, एक पत्र्याची डबी काढली. डबीत निळे खडे होते. हरभऱ्याएवढे दोन खडे त्यांनी काचेच्या पेल्यातल्या गरम पाण्यात विरघळवले आणि ते पाणी इनॅमलच्या पातेल्यात ओतलं. दोन वेढे ढवळल्यावर निळा रंग दिसेनासा झाला. हे मोरचूद. ते लोखंडाला आणि अॅल्युमिनियमला खातं, म्हणून भांडं इनॅमलचं. कीड त्याला तोंड लावत नाही. नुसती मैद्याची खळ म्हणजे किडीला वाढलेलं ताट.

सव्वासहाला डबी पुन्हा साच्यांच्या मागे गेली, पेला धुऊन झाला, कडी निघाली. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. ती डबी शाळेतल्या कोणी पाहिलेली नव्हती.

शाळा गावाबाहेरच्या वळणावर आहे. एरवी एक वाजेपर्यंत गणित, भाषा, भूगोल आणि जेवणानंतर कला. ढोल एका खोलीत, वेताच्या टोपल्या दुसऱ्या खोलीत, मुखवटे मागच्या खोलीत. महिन्यातून एकदा भेटीचा दिवस असतो. त्या दिवशी पुस्तकं बंद आणि कलेच्या खोल्या सकाळपासूनच उघड्या. शहरातून बस येते, पाहुणे खोल्या बघतात, वहीत नाव लिहितात आणि चारच्या बसने परत जातात. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. शाळा सुरू करताना त्या मास्तरांच्या घरी तीनदा गेल्या होत्या. मास्तर तिसऱ्या पिढीचे मुखवटेकार, तेव्हा सत्तेचाळिसांचे. ते पहिल्याच भेटीत तयार होते. तयार नव्हते त्यांचे वडील. म्हातारा बाजेवर पडून ऐकत होता. तिसऱ्या भेटीत त्याने परवानगी दिली, पण बाई गेल्यावर मुलाला जवळ बोलावून एकच अट घातली: हात शिकव, खळ शिकवू नकोस.

त्या घरात हा नियम जुना होता. हाताखाली परकी माणसं ठेवायची, त्यांना फाडणं, चिकटवणं, घोटणं, रंगवणं सगळं दाखवायचं आणि खळ मात्र घरच्याच माणसाने दार लावून करायची. कारागीर फुटून स्वतःचं दुकान मांडायचा, तीन वर्षांत त्याच्या मुखवट्यांना कीड लागायची आणि गिऱ्हाईक परत यायचं. आजोबांना यात काही गैर वाटलं नाही, वडिलांनाही नाही. वडील चार वर्षांपूर्वी गेले. मास्तरांचा एकुलता मुलगा बंदरावर क्रेन चालवतो. त्याला मास्तरांनी एकदा फोनवर प्रमाण सांगून ठेवलं. तो म्हणाला की क्रेनच्या केबिनमध्ये शेगडी ठेवायला परवानगी नाही, आणि विषय बदलला.

मास्तरांकडे स्वतःला द्यायला एक उत्तर होतं. मोरचूद विषारी असतं आणि मुलं बोटं तोंडात घालतात. हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते अकरा वर्षं टिकलं.

मुखवटे तेवढे टिकले नाहीत. मुलांनी केलेले चांगले मुखवटे शाळेच्या भिंतीवर लावतात. दर उन्हाळी सुट्टीत मास्तर एकटे येऊन प्रत्येक मुखवटा उलटून बघत. ज्याची पाठ भुसभुशीत झाली असेल तो मागच्या अंगणात जाळत आणि त्या खिळ्यावर नवा लावत. सुट्टीनंतर मुलांना वाटे, भिंत दरवर्षी नवी होते. मोठ्या बाई पाहुण्यांना तसंच सांगत.

पहिल्या तुकडीत बारा वर्षांची एक मुलगी होती. ती डावखुरी, म्हणून तिचं नाव डावरी पडलं आणि तिनेही ते लावून घेतलं. सगळे कागदाच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे बसवतात, ही उजवीकडून डावीकडे. मास्तरांनी आधी तिला सुधारायचा प्रयत्न केला, मग तिचं काम बघून सोडून दिला. सहा वर्षं ती त्यांच्याजवळ शिकली. अठराव्या वर्षी शहरात खोली घेऊन तिने काम सुरू केलं, तेव्हा मास्तरांनी तिला आपल्या वापरातला घोटणीचा दगड दिला. वडिलांनी त्यांना दिलेला, तळहातात मावणारा, एका बाजूने काचेसारखा गुळगुळीत. दगड दिला. खळ दिली नाही. त्या दिवशी ओठावर आलं होतं, असं ते बायकोला नंतर म्हणाले. बायको म्हणाली, ओठावर आलेलं गिळायला तुमच्या घराण्यात सगळेच पटाईत.

डावरीचं नाव झालं. एका नाटक मंडळीने तिच्याकडून सत्तावीस मुखवटे करून घेतले. दुसऱ्या वर्षी भर प्रयोगात राजाचं नाक राजाच्या हातात आलं. प्रेक्षक हसले, राजा हसला नाही. मंडळीने पेटी उघडून बघितली तर सगळ्या मुखवट्यांचे चेहरे ठणठणीत, रंगाला चरा नाही, आणि मागे नुसता भुगा. डावरीने हमी दिली होती. ती म्हणाली, मी शिकले तसंच केलं आहे. मंडळीने चार मुखवटे शाळेकडे पाठवले आणि जाणकाराचं मत मागवलं.

ही दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. मोठ्या बाईंनी पेटी मास्तरांच्या टेबलावर ठेवली. मास्तरांनी पहिला मुखवटा उलटला. उरलेल्या पट्ट्या उजवीकडून डावीकडे गेलेल्या होत्या. थर त्यांनी मोजले, नऊ. बसवणी निर्दोष होती. मग त्यांनी शाळेच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: काम घाईचे दिसते. थर पुरते वाळण्याआधी पुढचे चढवले असावेत.

मोठ्या बाईंनी खाली शिक्का मारला. मंडळीने डावरीला पुढचं काम दिलं नाही, आणि नाटकवाले एकमेकांशी बोलतात, त्यामुळे इतरांनीही दिलं नाही. ती हा धंदा सोडते आहे, असं टोपल्या शिकवणाऱ्या बाईंनी गेल्या आठवड्यात मास्तरांना सांगितलं. भेटीच्या दिवशी ती येणार आहे, हेही सांगितलं. त्या दिवसापासून मास्तरांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

साडेसातला ते घरी चहाला आले तेव्हा बायकोने विचारलं की आज तरी सांगणार का. मास्तर मोरचुदाच्या विषाबद्दल बोलायला लागले. तिने हातातली बशी खाली ठेवली.

"अहो, पोरांना विष नको, कबूल. पण ती अठराची होती. बोटं चोखत नव्हती."

मास्तर चहा तसाच ठेवून उठले.

साडेदहाला बस आली. तेवीस पाहुणे उतरले. मोठ्या बाईंनी ओसरीवर भेटीची वही ठेवली होती. नाव, गाव, व्यवसाय. पाहुणे ढोलाच्या खोलीकडे गेल्यावर मास्तरांनी वही उघडून बघितली. अठरावं नाव डाव्या हाताच्या तिरक्या अक्षरात होतं. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: पुस्तकबांधणी.

मुखवट्यांच्या खोलीत पाहुण्यांना माहिती द्यायचं काम नऊ वर्षांच्या एका मुलीकडे होतं. दोन वेण्या, पाठ केलेला मजकूर, मध्ये श्वास नाही. पहिला थर नुसत्या पाण्याचा, म्हणजे साचा सोडतो. मग आठ थर खळीचे. एक पांढऱ्या कागदाचा, एक छापील कागदाचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. कागद कापायचा नाही, फाडायचा, कारण फाटलेली कड खाली बसते आणि कापलेली उठते. मुखवटा सावलीत वाळवायचा. उन्हात तो वाकडं तोंड करतो. इथे पाहुणे हसतात हे तिला माहीत होतं, म्हणून ती तेवढ्यापुरती थांबली.

पाहुण्यांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांना प्रत्येक खोलीत प्रश्न पडत होते. त्यांनी विचारलं, पातेली दोन का?

"हे आमचं. ते मास्तरांचं," मुलगी म्हणाली.

फरक काय, असं पोस्टमास्तरांनी विचारल्यावर तिने मास्तरांकडे बघितलं. हा प्रश्न पाठातला नव्हता. मास्तर म्हणाले, त्यातली खळ जरा घट्ट असते. पोस्टमास्तरांनी दोन्ही पातेल्यांत एकेक बोट बुडवून घट्टपणा बघितला. दोन्ही सारखीच वाटतात, ते म्हणाले, लहानपणी आम्ही पतंगाची खळ चाटायचो. आणि इनॅमलच्या पातेल्यातलं बोट तोंडाकडे नेलं.

मास्तरांनी मधलं स्टूल ओलांडून त्यांचं मनगट धरलं.

सगळे हसले. पोस्टमास्तरही हसले. म्हणाले, एवढी कंजुषी मी टपाल खात्यातही पाहिली नाही. मास्तरांनी त्यांचं बोट ओल्या फडक्याने पुसलं, मग पुन्हा एकदा पुसलं आणि साबणाने हात धुवायला बाहेरच्या नळावर पाठवलं. पाहुण्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, डावरी उभी होती. ती हसली नव्हती. तिची नजर इनॅमलच्या पातेल्यावर होती.

पाहुणे टोपल्यांच्या खोलीकडे गेले. ती मागे राहिली. तिने मास्तरांना कसे आहात विचारलं, मास्तरांनी बरा आहे म्हटलं. नवी नोकरी कशी आहे, हे मास्तरांनी विचारलं. नऊ दिवस झाले, ती म्हणाली, बाजारामागच्या गल्लीत वह्या आणि हिशेबाच्या चोपड्या बांधतात, नऊ ते सहा. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर मेणाच्या दोऱ्याने कापल्याची बारीक रेघ होती. मग ती मोठ्या वर्गातल्या मुलांजवळ जाऊन बसली. मोठ्या वर्गात अकरा जण आहेत, बारा ते पंधरा वर्षांचे. एकीची पट्टी नाकाच्या पाळीवर सुरकुतत होती. डावरीने ती उचलून मधोमध थोडी फाडली आणि दोन्ही बाजू एकमेकींवर निजवल्या. सुरकुती गेली. मास्तर खिडकीत उभे राहून बघत होते. ही युक्ती त्यांनी शिकवलेली नव्हती. ती तिची स्वतःची होती.

त्या मुलीने विचारलं, "ताई, तुम्ही केलेले मुखवटे कुठे आहेत?"

"किडीने खाल्ले."

"का?"

"मी थर ओले ठेवले म्हणे," डावरी म्हणाली. "मास्तरांनी तसं लिहून दिलंय. मंडळीने मला कागद दाखवला."

ती हे मुलीकडे बघूनच म्हणाली, आवाज न चढवता. अकराच्या अकरा मुलांनी आपापल्या साच्याकडे बघितलं आणि बोटाने पट्ट्या दाबायला सुरुवात केली, ओले राहिले आहेत का ते बघायला. मास्तरांनी पाहिलं. सगळ्यांचे खालचे थर व्यवस्थित वाळलेले होते, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मुखवट्याला तीन वर्षांहून जास्त आयुष्य नव्हतं.

त्यांनी मुलांना हात धुऊन जेवायला जायला सांगितलं. पाऊण वाजला होता. जेवणाची घंटा एकला होते. मुलं एकमेकांकडे बघत गेली.

दार उघडंच होतं. मास्तर स्टुलावर चढले, साच्यांच्या मागे हात घालून डबी काढली आणि डावरीच्या समोर टेबलावर ठेवली. झाकण उघडायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला.

"डावरे, तुझे थर ओले नव्हते."

"मला माहीत आहे."

"काम चोख होतं. खळीत हे नव्हतं, एवढंच. मी तुला कधी दिलं नाही."

"तेही माहीत आहे, मास्तर."

मग तिने सांगितलं. नोकरीच्या पहिल्या सकाळी मालकाने तिला खळ ढवळायला बसवलं. खळीत जन्म गेलाय तुझा, तू कर, म्हणाला. खळ झाल्यावर त्याने फळीवरच्या बरणीतून निळे खडे काढून पाण्यात टाकले. तिने विचारलं, हे काय? मालकाला ती चेष्टा करते आहे असं वाटलं. चोपडी बांधणारा प्रत्येक जण हे घालतो, तो म्हणाला, नाहीतर वर्षभरात पानांच्या आधी पुठ्ठा जायचा. बाजारात रंगाच्या दुकानात मिळतं, टर्पेंटाइनच्या शेजारी. पुड्यावर मोठ्या अक्षरांत नाव असतं.

मास्तर स्टुलावर बसले. आजोबा, वडील आणि ते स्वतः, तीन पिढ्या दार लावून बसल्या होत्या. आणि बाजारामागच्या गल्लीत तीच गोष्ट उघड्या बरणीत ठेवलेली होती. रंग घ्यायला ते त्याच दुकानात जात. मोरचूद मात्र वडिलांच्या वेळेपासून दुसऱ्या गावाहून आणत, कोणी बघू नये म्हणून.

मग त्यांनी विचारलं, माहीत होतं तर आलीस कशाला?

"तुम्ही सांगता का ते बघायला. चारच्या बसपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. त्या काकांचा हात धरलात ना, तेव्हा वाटलं, नाही सांगणार. परक्या माणसासाठी स्टूल ओलांडलंत."

मास्तर माफीचं काहीतरी बोलायला लागले. तिने मान हलवली. माफी तुमच्यापाशी ठेवा, मला पत्र द्या, ती म्हणाली, त्याच कागदावर, त्याच शिक्क्याने.

पत्र लिहायला वीस मिनिटं लागली. आधीच्या दोन ओळींना दोन मिनिटं लागली होती. मास्तरांनी लिहिलं की कामात दोष नव्हता, दोष खळीत होता, खळ त्यांनी शिकवलेली होती आणि त्यात काय नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आधीचं मत लिहिताना ते खोटं आहे हेही माहीत होतं. मोठ्या बाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. त्यांनी विचारलं की भिंतीवरचे मुखवटे कुठे जातात. मास्तरांनी तेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाहुण्यांना दर महिन्याला त्या भिंतीबद्दल काय सांगतात, हे त्यांना आठवत असावं. म्हणाल्या, यात शाळेचंही नाव जाईल. मास्तर म्हणाले, हो. बाईंनी शिक्का मारला.

आतापर्यंत मोठ्या वर्गातून एकेचाळीस मुलं शिकून गेली आहेत. त्यांतली सहा अजून मुखवट्यांवर जगतात. त्या सहा जणांना कोण कळवणार, असं बाईंनी विचारलं. डावरी म्हणाली, पत्ते माझ्याकडे आहेत, पण लिहायचं मास्तरांनी.

मंडळीने एव्हाना फायबरचे मुखवटे घेतलेले आहेत. हे डावरीनेच सांगितलं. पत्राने ते काम परत येणार नाही. मास्तरांनी विचारलं, मग नोकरी? नोकरी सोडणार नाही, ती म्हणाली. पुस्तकं बरी असतात. टिकतात.

निघताना तिने पिशवीतून घोटणीचा दगड काढला. मास्तर नको म्हणाले. राहू दे तुझ्याकडे, म्हणाले. तिने तो डबीशेजारी ठेवला.

"पुठ्ठा घोटायला हाडाची पट्टी लागते, मास्तर. दगड नाही चालत."

चारची बस वेळेवर सुटली. पोस्टमास्तर पुढच्या बाकावर बसून कोणाला तरी खळीची गोष्ट सांगत होते. डावरी मागे होती. तिने खिडकीतून हात केला नाही, आणि मान वळवलीही नाही.

संध्याकाळी मास्तरांनी मागच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढली. चार स्क्रू होते, एक गंजून बसला होता, त्याला तेल घालावं लागलं. अॅल्युमिनियमचं पातेलं त्यांनी घासून फळीवर उपडं ठेवलं. लहान वर्गाला खळ लागेल तेव्हा ते खाली निघेल, आणि त्या खळीचा मुखवटा तीन वर्षं टिकतो हे मुलांना सांगून. घरी बायकोने काय झालं ते विचारलं नाही. ताट वाढलं. त्यांनी अर्धंच खाल्लं.

शाळेच्या ओसरीवरच्या फळ्यावर मोठ्या बाईंच्या अक्षरात सूचना आहे: मोठा वर्ग, उद्या सकाळी पाच चाळीस, मागची खोली. औषधांच्या कपाटातून रबरी हातमोज्यांचे अकरा जोड काढून खिडकीत ठेवलेले आहेत. तास खळीचा आहे.